काळीवरचे घर आणि उन्हाळ्यातला पाया

आमच्या घराच्या नैर्ऋत्येकडील खोलीत खिडकीच्या वरच्या कोपऱ्यापासून छताकडे तिरका गेलेला एक तडा आहे. २०१९ सालच्या फेब्रुवारीत मी त्या तड्यावर बोटभर रुंदीची पातळ काचपट्टी आडवी ठेवली, तिची दोन्ही टोके प्लास्टर ऑफ पॅरिसने भिंतीला पक्की चिकटवली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती पट्टी मधोमध तुटलेली दिसली. तिला कोणाचा हात लागलेला नव्हता. काच ताण सहन करत नाही, म्हणून ती तुटली याचा अर्थ एवढाच होता की तड्याच्या दोन बाजूंची भिंत त्या पन्नास-पंचावन्न दिवसांत एकमेकींपासून दूर सरकली होती. पावसाचा थेंब नाही, भूकंप नाही, शेजारी कोणाचे खोदकाम नाही. होते ते फक्त ऊन.

आमचे घर अकोल्यात, अकोट रस्त्याच्या बाजूला, एका लेआउटमध्ये आहे. २००८ साली ते बांधले तेव्हा आजूबाजूला कपाशीची शेते होती आणि आमचा प्लॉटही त्याआधी काही वर्षांपर्यंत शेतच होता. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग फार पूर्वीपासून मानले जातात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. गावठाण उंचवट्यावर, पांढऱ्या किंवा मुरमाड मातीवर वसवायचे आणि काळी नांगराला ठेवायची, ही वाटणी केवळ महसुलाच्या सोयीसाठी नव्हती असे मला आता मनापासून वाटते. काळीवर भिंत टिकत नाही हे त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले होते. गेल्या तीस-चाळीस वर्षांत विदर्भ-मराठवाड्यातील शहरे वाढली, शेते अकृषिक झाली, आणि आपण सगळे पांढरी सोडून काळीवर राहायला आलो. पण काळीचा स्वभाव आपण ओळखला नाही, आणि म्हणून दर उन्हाळ्यात भिंती तडकल्या की आपण सिमेंटला दोष देतो.

हा स्वभाव नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचे सगळे उपाय त्यावरच अवलंबून आहेत. आपली काळी माती दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज भरपूर असते. या खनिजाचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे असतात. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांच्या मधोमध शिरते आणि कण फुगतो. पाणी निघून गेले की पापुद्रे जवळ येतात आणि माती आक्रसते. मे महिन्यात शेतात हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात, त्या याच आक्रसण्याच्या. हेच घराखालीही घडते, मात्र सगळीकडे सारखे घडत नाही. घराच्या मध्यभागाखालची माती फरशीने झाकलेली असल्यामुळे उन्हाळ्यातही बरीच ओलसर राहते. कडेची माती मात्र उघडी पडते, वाळते आणि खाली बसते. म्हणजे घराचा मधला भाग जागेवर आणि कोपरे खाली, अशी अवस्था येते. भिंत वाकू शकत नाही, म्हणून ती फाटते, आणि जिथे ती आधीच दुबळी असते, म्हणजे खिडकी-दाराच्या कोपऱ्याशी, तिथे फाटते. आमच्या तड्याची रुंदी छताजवळ जास्त आणि खिडकीजवळ कमी होती. कोपरा खाली गेल्याची ही खूण आहे, हे मला पुढे एका अभियंत्याने दाखवले.

एकमजली घरांना हा त्रास अधिक होतो, हेही त्यांच्याकडूनच कळले. उंच इमारतीचे ओझे मोठे आणि पाया खोल असतो. आपल्या बैठ्या घराचे वजन फुगणाऱ्या मातीच्या दाबापुढे अपुरे पडते, त्यामुळे माती त्याला पावसाळ्यात उचलते आणि उन्हाळ्यात सोडून देते.

मी दहा वर्षे जी चूक केली ती इथे स्पष्ट लिहितो, कारण आमच्या गल्लीत ती अजूनही घरोघरी चालते. उन्हाळ्याच्या सुटीत रंगकाम काढायचे, तडा छिन्नीने उघडायचा, त्यात सिमेंटचा माल ठासून भरायचा आणि वरून पुट्टी फिरवायची. मे महिन्यात तडा वर्षातला सर्वांत रुंद असतो. तो त्या वेळी कडक सिमेंटने भरला की पावसाळ्यात माती फुगून भिंत मूळ जागी येऊ लागते तेव्हा तिला मिटायला जागाच उरत नाही. मध्ये भरलेले सिमेंट पाचरीसारखे काम करते आणि शेजारी नवा तडा उघडतो. आमच्या त्या भिंतीत एकाचे तीन तडे झाले ते असे.

काचपट्टी तुटल्यावर मी पहिल्यांदा मातीकडे वळलो. इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आमच्या अंगणातील तीन फूट खोलीवरची माती तपासायला दिली. माती पाण्यात किती फुगते हे सांगणाऱ्या मुक्त फुगवण निर्देशांकाची चाचणी इतकी साधी आहे की ती मी डोळ्यांनी पाहिली. बारीक चाळणीतून चाळलेली दहा-दहा ग्रॅम सुकी माती दोन काचेच्या मोजपात्रांत घेतात; एकात रॉकेल ओततात, दुसऱ्यात पाणी, ढवळून हवेचे बुडबुडे घालवतात आणि एक दिवस तशीच ठेवतात. रॉकेलने माती फुगत नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधील माती ११ मिलिलिटरच्या खुणेवर बसली होती आणि पाण्यातील माती २४ वर. वाढ जवळजवळ ११८ टक्के. भारतीय मानकानुसार १०० च्या पुढची माती जास्त फुगणाऱ्या वर्गात मोडते. त्या दोन नळ्या शेजारीशेजारी उभ्या पाहिल्या आणि अकरा वर्षांच्या तड्यांचे कारण समोर दिसले. आमच्या कंत्राटदाराने पाया साडेचार फुटांवर थांबवला होता आणि जोत्यात मुरूम भरण्याऐवजी खड्ड्यातून निघालेली हीच काळी माती परत भरली होती. तेव्हा मी रोज कामावर उभा राहत होतो, पण काय पाहायचे ते मला ठाऊक नव्हते.

त्यानंतर घराभोवती एक फेरी मारली आणि प्रत्येक बाजू वेगळी वागते हे ध्यानात आले. पूर्वेला पोर्चची काँक्रीटची फरशी आहे, म्हणून खालची माती झाकलेली. उत्तरेला सावली. दक्षिण आणि पश्चिम या दोन बाजू दुपारभर तापतात. मी अर्ध्या इंचाची लोखंडी सळई दाबून पाहिली तेव्हा ती उत्तरेला हातभर गेली आणि पश्चिमेला चार बोटांवर अडली. पश्चिमेलाच मधल्या खोलीच्या खिडकीबाहेर कूलर होता. त्याच्या टाकीतून ओघळणारे पाणी मार्चपासून जूनपर्यंत एकाच जागी मुरत होते, आणि त्या जागेपासून आठ फुटांवर जमीन फाटलेली होती. पाणी मिळाले म्हणून ती जागा सुरक्षित आहे असे मानणे चूक ठरले असते. एकाच भिंतीखाली एक टोक फुगलेले आणि दुसरे आक्रसलेले, यापेक्षा वाईट अवस्था पायाला नाही. न्हाणीघराच्या पाइपचा सांधाही असाच पाझरत होता. कूलरखाली पत्र्याचे तसराळे बसवून त्याचे पाणी नळीने दूर नेले आणि पाइपचा सांधा बदलून घेतला. या दोन्ही कामांना मिळून एक दिवस लागला.

पायाला पाणी हवे की नको, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. पायाखालची आणि कडेची माती वर्षभर शक्य तितकी एकसारखी ओलसर राहावी, एवढेच साधायचे आहे. खूप ओली नको, कोरडी नको, आणि मुख्य म्हणजे एका अंगाने ओली व दुसऱ्या अंगाने कोरडी तर मुळीच नको.

उन्हाळ्यात काळी माती भिंतीपासूनही सुटते. जोत्याला लागून दोन बोटे रुंदीची फट पडते आणि तिच्यात खाली अंधार दिसतो. ही फट पाहून माणसाचा पहिला विचार रबरी नळी लावून ती पाण्याने भरण्याचा असतो, आणि तो टाळला पाहिजे, कारण ते पाणी कडेची माती न भिजवता थेट पायाच्या तळाशी जाते आणि तिथली माती एकाएकी फुगते. फटीत वाळू किंवा माती ठासणेही घातकच, कारण पावसाळ्यात जमीन फुगून परत येते तेव्हा ती भर जोत्यावर आडवा दाब टाकते. फट तशीच राहू द्यावी, बाहेरून सावकाश ओलावा द्यावा. माती आपणच भिंतीला येऊन टेकते.

सावकाश ओलावा देण्याचे साधन विदर्भात शोधावे लागत नाही. संत्र्याच्या बागेत वापरतात तीच १६ मिलिमीटरची ठिबक नळी, दर ६० सेंटिमीटरवर ताशी ४ लिटरचा ड्रिपर असलेली, मी दक्षिण आणि पश्चिम बाजूंनी भिंतीपासून दीड फूट अंतरावर टाकली. दोन बाजू मिळून सत्तर फूट, म्हणजे सुमारे ३६ ड्रिपर. आठवड्यातून दोनदा, सूर्य मावळल्यावर, चाळीस मिनिटे चालवली की एका वेळी साधारण १०० लिटर पाणी जाते, म्हणजे पाच-सहा बादल्या. माझी भाची टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहते. तिथल्या काळ्या मातीलाही अशाच भेगा पडतात आणि तिथली माणसे उन्हाळ्यात घराभोवती पाझरणारी नळी टाकून ठेवतात, हे तिच्याकडून ऐकले तेव्हा मला मोठा धीर आला होता. मात्र एक गोष्ट वेळेची आहे. हे काम होळीच्या आधी सुरू झाले पाहिजे. जमीन एकदा फाटली की ठिबकचे पाणी भेगेवाटे निघून जाते आणि मग तुम्ही फाटलेल्या जमिनीमागे धावत राहता.

पाण्याबद्दल दोन शब्द अधिक लिहिणे भाग आहे. आमच्याकडे नळ रोज येत नाही, आणि उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीत टँकरभोवती भांडी घेऊन उभ्या असलेल्या बायका पाहिल्यावर भिंतीकाठी पाणी सोडताना हात अडखळतो. विंधन विहिरीचे पाणी आहे, पण पूर्णेच्या खोऱ्यातला हा भाग खारपाणपट्ट्याला लागून आहे. सोडियम जास्त असलेले पाणी चिकणमातीला आणखी फुगवते आणि तिचे कण सुटे करते. शेतकरी या पाण्याने जमीन का खराब होते ते चांगले जाणतात, आणि घराची जमीन त्याला अपवाद नाही. आर. ओ. गाळणयंत्र जे वाया जाणारे पाणी बाहेर टाकते ते तर त्याहून खारट. म्हणून दोन उन्हाळे ठिबक चालवल्यावर मी या निष्कर्षाला आलो की आपल्या भागात पाणी घालण्यापेक्षा आहे तो ओलावा झाकून ठेवणे हाच मुख्य उपाय आहे.

२०२२ साली दक्षिण आणि पश्चिम बाजूंना सहा फूट रुंदीचे संरक्षक फरशीकाम केले. बांधकामवाले त्याला प्लिंथ प्रोटेक्शन किंवा एप्रन म्हणतात. पुष्कळ घरांना ते दीड-दोन फुटांचे असते. तेवढ्याने पागोळ्यांपासून जोते वाचते, पण ऊन कडेने आत शिरतेच. आम्ही प्रथम दीड फूट काळी माती काढून टाकली. तळ भिंतीपासून बाहेर उतरता केला. त्यावर शेततळ्याला वापरतात ते ५०० मायक्रॉनचे प्लास्टिक कापड अखंड अंथरले आणि बाहेरच्या कडेला तीन फूट खोल चर घेऊन कापडाचा पदर त्यात उभा सोडला, म्हणजे बाहेरचा कोरडेपणा बाजूने आत येऊ नये. कापडावर मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाकून, किंचित पाणी शिंपडून धुम्मसने ठोकला. वर चार इंच काँक्रीट. सहा फुटांत तीन इंच उतार. भिंत आणि फरशी यांच्यामध्ये बोटभर सांधा मोकळा ठेवून तो डांबरी मिश्रणाने भरला. फरशी जोत्यात गुंतवली असती तर दोघांपैकी एक हलताच दुसरे फुटले असते. गवंड्याला हा मोकळा सांधा अजिबात पटत नव्हता. चांगले काम म्हणजे सगळे एकजीव, अशी त्याची शिकवण. त्याच्याशी मी त्या एका सांध्यासाठी अर्धा दिवस वाद घातला, आणि तो सांधा आजही घट्ट आहे.

हे काम कोणत्या महिन्यात करावे यावर फारसे कोणी बोलत नाही, म्हणून सांगतो. भर उन्हाळ्यात फरशी घातली तर कोरडी, आक्रसलेली माती आपण खाली बंद करतो; पुढे वाफ अडून तिच्यात हळूहळू ओलावा साठतो, ती फुगते आणि फरशीसकट जोते उचलते. पावसाळा संपल्यावर वरचे पाणी निथळून माती वाफशावर येते, तेव्हा, म्हणजे कार्तिकाच्या सुमारास, हे काम करावे. आम्ही ते नोव्हेंबरात केले. त्यानंतर ठिबकची नळी फरशीच्या बाहेरच्या कडेला सरकवली आणि आता ती फक्त एप्रिल-मेमध्ये, आठवड्यातून एकदा चालते. उत्तरेच्या अरुंद पट्टीत काँक्रीट न करता प्लास्टिक कापडावर जाड गिट्टी पसरली. सोयाबीनचे कुटार आच्छादन म्हणून चांगले, पण ते भिंतीला लागून पसरू नये. वाळवीला त्यातून वाट मिळते.

सर्वांत कठीण निर्णय कडुनिंबाचा होता. वास्तुशांतीच्या वर्षी माझ्या आईने नैर्ऋत्येच्या कोपऱ्यापासून आठ फुटांवर तो लावला. आज तो तीस फूट उंच आहे आणि दुपारी त्या खोलीला त्याचीच सावली मिळते. झाडाची मुळे पाया फोडतात असे म्हणतात, पण काळीत झाडाचे खरे काम वेगळे असते: ते पायाखालचा ओलावा शोषून पानांवाटे बाहेर टाकते, आणि ज्या कोपऱ्याला ऊन सर्वांत जास्त त्याच कोपऱ्याचे पाणी ते पीत होते. झाडाच्या उंचीइतके अंतर घरापासून ठेवावे, हा ठोकताळा मला चौदा वर्षे उशिरा समजला. तोडावे म्हटले तर तेही सरळ नाही, कारण मोठे झाड एकदम तोडले की वर्षानुवर्षे कोरडी राहिलेली माती ओलावा धरून फुगू लागते आणि कोपरा वर उचलला जातो. शेवटी घर आणि झाड यांच्यामध्ये चार फूट खोल चर घेतला, त्या बाजूची बारीक मुळे छाटली, जाड मुळांना हात लावला नाही तिथे चरात उभे सोडलेले प्लास्टिक कापड दोन्ही बाजूंनी लपेटून घेतले, आणि दर वर्षी पावसाळ्याआधी वरच्या फांद्या हलक्या करतो. झाडाला पाणी आता घरापासून दूरच्या बाजूच्या आळ्यात देतो. झाड उभे आहे. नवे घर बांधणाऱ्यांनी मात्र अंगणात निलगिरी किंवा सुबाभूळ भिंतीजवळ लावू नये.

उन्हाळ्याची काळजी मृगाच्या पहिल्या पावसापर्यंत पुरली पाहिजे, कारण फाटलेल्या जमिनीत तो पाऊस थेट पायापर्यंत उतरतो. गच्चीचे पन्हाळ पाइप आम्ही मेअखेरीस साफ करतो आणि ते पाणी दहा फूट पुढे नेऊन सोडतो. पाऊसपाणी जिरवण्याचा शोषखड्डा फार चांगला, पण तो जोत्याला लागून खणलेला मी दोन घरांत पाहिला आहे आणि दोन्ही घरांच्या त्याच बाजूच्या भिंती तडकल्या आहेत.

ज्यांचे घर अजून कागदावर आहे त्यांना मी एवढेच सांगेन की हा सगळा खटाटोप त्यांना टाळता येतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेल्या अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, खाली कंदासारख्या फुगीर असतात. तो कंद दांड्याच्या साधारण अडीच पट व्यासाचा असतो आणि जिथे ऋतूंप्रमाणे ओलावा बदलत नाही अशा खोलीवर, सामान्यतः साडेतीन मीटरच्या आसपास, तो माती धरून बसतो. वरची प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याची तुळई, जमिनीपासून निदान ८ सेंटिमीटर अधांतरी ठेवतात, म्हणजे खालची माती फुगली तरी तिला धक्का लागत नाही. दुसरा मार्ग आय. आय. टी. मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांच्या अभ्यासातून आला: काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट अशा मातीचा, बहुधा योग्य मुरमाचा, सुमारे मीटरभर जाडीचा दाबलेला थर द्यायचा. मातीची तपासणी करून यांतले काय घ्यायचे ते अभियंत्याने ठरवावे. तपासणीचा खर्च रंगकामाच्या एका हातापेक्षाही कमी असतो.

राहत्या घरात तडा पाच मिलिमीटरच्या पुढे गेला, दारे चौकटीत अडकू लागली, फरशीवर ठेवलेली गोटी एका बाजूला घरंगळू लागली किंवा खांब-तुळईत चीर दिसली, तर ठिबक आणि फरशीच्या भरवशावर न राहता संरचना अभियंत्याला बोलवावे. आमचा तडा त्या पायरीला गेला नव्हता. २०१९ च्या मेमध्ये त्याची रुंदी साडेचार मिलिमीटर होती. फरशीकामानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती दोन झाली, आणि गेल्या दोन वर्षांत एकाच्या पुढे गेलेली नाही. मागच्या दिवाळीनंतर तो सिमेंटऐवजी ताणला जाणाऱ्या पॉलिमर भरणीने बुजवला आणि त्यावर नवी काचपट्टी लावली. शेजारी पेन्सिलीने १८ नोव्हेंबर ही तारीख आहे. आज मेची १२ तारीख आहे, बाहेर ४५ अंशांचे ऊन आहे, आणि पट्टी अखंड आहे.